चौदा मेन्यूंचा एक मेन्यू करताना

सप्टेंबरच्या अखेरच्या आठवड्यात आमच्या संस्थेच्या पोर्टलवरचे शेवटचे जुने हेडर, म्हणजे पानाच्या माथ्यावरची मेन्यूची पट्टी, काढले आणि जानेवारीत सुरू झालेले काम संपले. कागदावर ते एका ओळीचे होते : सर्व विभागांच्या पानांवर एकसारखे आणि पुन्हा वापरता येण्याजोगे नॅव्हिगेशन, म्हणजे पानांमधून फिरण्याचे मेन्यू आणि लिंका, बसवणे. ही ओळ माझ्या नावापुढे लिहिली गेली तेव्हा काम पाच-सहा आठवड्यांचे असेल असे मी धरले होते. प्रत्यक्षात नऊ महिने लागले, आणि त्यांतला मोठा भाग कोड लिहिण्यात नव्हे, तर शब्द ठरवण्यात आणि त्या शब्दांना मंजुरी मिळवण्यात गेला. असेच काम ज्यांच्याकडे आले आहे त्यांना पुढच्या टप्प्यांचा अंदाज यावा, म्हणून घडले त्या क्रमाने लिहीत आहे.

निमित्त एका अर्जदार बाईंच्या ईमेलचे झाले. अर्ज भरता भरता त्यांनी शुल्काची माहिती पाहण्यासाठी मेन्यूतली लिंक उघडली होती. नव्या पानावर मेन्यूच वेगळा होता, अर्जाकडे परत नेणारी लिंक त्यात नव्हती, आणि ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण दाबल्यावर भरलेली सगळी माहिती पुसली गेली होती. मी स्वतः तोच मार्ग चालून पाहिला तेव्हा चार पानांत तीन वेगवेगळी हेडर लागली. प्रत्येक विभागाची पाने वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या माणसांनी तयार केली होती आणि प्रत्येकाने आपला मेन्यू स्वतंत्रपणे बांधला होता. त्यात कोणाचाही निष्काळजीपणा नव्हता. सगळ्यांनी मिळून वापरावे असे काही अस्तित्वातच नव्हते.

जानेवारीचे तीन आठवडे यादी करण्यात गेले. पानांचे पत्ते गोळा करणारे एक साधन चालवून साडेसहाशेच्या आसपास पत्ते मिळाले. मात्र असे साधन एका लिंकवरून दुसरीवर जात असल्यामुळे ज्या पानांना कुठूनच लिंक नाही ती त्याला सापडत नाहीत, हे लक्षात आल्यावर मी सर्व्हरच्या नोंदी काढून दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. आणखी ५८ पाने निघाली, आणि त्यांतली काही शोधयंत्रामार्फत रोज उघडली जात होती. तुमच्याकडे हे काम आले तर ही दुसरी पायरी गाळू नका. मी प्रत्येक पानापुढे सहा रकाने ठेवले होते : पत्ता, शीर्षक, मेन्यूतले नाव, मेन्यूतला क्रम, जबाबदार विभाग आणि शेवटच्या बदलाची तारीख. पाचवा रकाना भरणे सर्वांत अवघड गेले, कारण शंभराहून अधिक पानांची जबाबदारी घ्यायला सुरुवातीला कोणीच तयार नव्हते.

या यादीतून दोन प्रकारचे दोष दिसले. ‘संपर्क’, ‘आमच्याशी संपर्क’ आणि ‘पत्ता व दूरध्वनी’ ही एकाच पानाची तीन नावे होती. उलट ‘अर्ज’ हा एकच शब्द एका विभागात प्रत्यक्ष अर्जाकडे नेत होता आणि दुसऱ्या विभागात अर्जाविषयीच्या माहितीपत्रकाकडे. मला दुसरा दोष अधिक गंभीर वाटतो. एका वस्तूला तीन नावे असली तर माणूस थोडा वेळ शोधत राहतो; पण एका नावाखाली दोन वस्तू असल्या तर आपण योग्य ठिकाणी पोहोचलो आहोत असे समजून तो चुकीच्या ठिकाणी थांबतो.

याच सुमारास मी चौदाही हेडरांची चित्रे छापून एका भिंतीवर एकाखाली एक लावली. पुढच्या सगळ्या बैठकांमध्ये मेन्यू एकसारखा का हवा या ज्या मुद्द्यावर वाद होईल असे मला वाटत होते, त्यावर तो झालाच नाही, कारण बैठकीला येणारा प्रत्येक जण आधी त्या भिंतीपाशी थांबत असे.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी दोन पानांचे टिपण सादर केले. त्याला आधार म्हणून वेब सुगम्यतेची, म्हणजे अपंग व्यक्तींनाही पाने वापरता यावीत यासाठीची, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे, म्हणजे डब्ल्यूसीएजी, घेतली. त्यांच्या डिसेंबर २००८ मधल्या २.० या आवृत्तीपासून दोन निकष एए पातळीवर (ए, एए, एएए या चढत्या पातळ्यांपैकी मधल्या) आहेत : ३.२.३ नुसार अनेक पानांवर पुन्हा पुन्हा येणारे नॅव्हिगेशन दर वेळी त्याच सापेक्ष क्रमाने आले पाहिजे, आणि ३.२.४ नुसार एकच काम करणाऱ्या घटकांची ओळख सगळीकडे सारखी असली पाहिजे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या २.२ या आवृत्तीने ३.२.६ हा निकष ए पातळीवर जोडला. मदतीची सोय अनेक पानांवर दिली असेल तर तीही त्याच क्रमाने यावी, असे तो सांगतो. आमची चौदा हेडरे या तिन्ही कसोट्यांवर नापास होती. निकषांचे क्रमांक टिपणात लिहिल्यामुळे चर्चा आवडीनिवडीवर न जाता अटींवर राहिली, त्यामुळे तुम्हीही ते जरूर लिहावेत.

मंजुरीला ३३ दिवस लागले. टिपण दोनदा परत आले. पहिल्या वेळी खर्चाचा प्रश्न होता; मी त्याचे उत्तर मनुष्यदिवसांत दिले आणि तीन जणांचे मिळून १२० दिवस मागितले. दुसऱ्या वेळी सर्व विभागांची लेखी संमती जोडण्यास सांगण्यात आले. ही संमती मी आधीच गोळा केली असती तर किमान तीन आठवडे वाचले असते. ती मागताना ‘नव्या मेन्यूला संमती’ असे मोघम लिहू नये, कारण मग प्रत्येक जण आपल्या मनातल्या मेन्यूला संमती देतो. माझ्या पत्रात तीनच वाक्ये होती : मुख्य पट्टीतली नावे व क्रम एका समितीने ठरवावा, विभागाने स्वतःच्या पानावर त्यात बदल करू नये, आणि विभागाची अंतर्गत यादी मात्र विभागानेच ठरवावी. तिसऱ्या वाक्यामुळे सह्या लवकर मिळाल्या.

मार्चचा उत्तरार्ध आणि एप्रिल शब्दांत गेला. बहुतेक विभागांची अपेक्षा अशी होती की मुख्य पट्टीत विभागांची नावे असावीत. संस्था आतून अशीच दिसते, त्यामुळे ही अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु बाहेरून येणाऱ्या माणसाला आपले काम कोणत्या विभागाकडे आहे हे माहीत नसते, आणि तेच जाणून घेण्यासाठी तो पोर्टलवर आलेला असतो. हे माझे मत म्हणून मांडण्याऐवजी आम्ही ४० पानांची शीर्षके चिठ्ठ्यांवर लिहिली आणि संस्थेबाहेरच्या १८ जणांना त्यांचे गट पाडून प्रत्येक गटाला नाव द्यायला सांगितले. एकानेही विभागांप्रमाणे गट पाडले नाहीत. जवळजवळ सगळ्यांनी ‘करायचे काम’, ‘झालेल्या कामाची चौकशी’, ‘पैसे’ आणि ‘नियम’ अशा स्वरूपाचे ढीग केले.

समितीत एक सदस्य मुख्य नोंदी सातच असाव्यात या मताचे होते, कारण माणसाच्या लक्षात सात गोष्टी राहतात असे त्यांनी वाचले होते. हा आकडा जॉर्ज मिलर यांच्या १९५६ मधल्या शोधनिबंधातून आला आहे आणि तो अल्पकालीन स्मृतीविषयी आहे. मेन्यू तर डोळ्यांसमोर असतो, तो पाठ करावा लागत नाही. नोंदींची संख्या नावे एकमेकांपासून किती स्पष्टपणे वेगळी आहेत यावरून आणि पडद्याच्या रुंदीवरून ठरावी, असे मी सांगितले आणि ते त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. इतिवृत्तात हा मुद्दा कारणासह लिहून घेतला, कारण दोन महिन्यांनी आलेल्या नव्या सदस्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला.

त्यानंतर नुसत्या शब्दांचे झाड, म्हणजे मुख्य नोंदी आणि त्यांखालच्या उपनोंदींची रचना, करून १५ जणांना दहा कामे दिली : अमुक माहिती कुठे मिळेल ते शोधा. रंग नाही, चित्र नाही, फक्त नावे. पहिल्या फेरीत ‘सेवा’ ही आमची लाडकी नोंद सपशेल पडली. १५ पैकी ९ जणांनी पहिलीच फांदी चुकीची धरली. ‘सेवा’ या शब्दाखाली काहीही बसू शकते, म्हणून तो वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही. दुसऱ्या फेरीसाठी आम्ही त्याच्या जागी ‘अर्ज करा’ आणि ‘अर्जाची स्थिती’ असे दोन शब्दप्रयोग घेतले. अखेर सहा नोंदी ठरल्या : अर्ज करा, अर्जाची स्थिती, शुल्क, नियम व पात्रता, विभाग, संपर्क. हे सहा शब्द आज पाहताना अगदी उघड वाटतात, पण त्यांच्यासाठी सहा आठवडे आणि पाच बैठका लागल्या, आणि मला त्यातला एकही दिवस वाया गेला असे वाटत नाही.

मे महिन्यात बांधणी सुरू झाली. आम्ही सहाच घटक ठरवले : मजकुराकडे थेट नेणारी लिंक, मुख्य पट्टी, आपण कुठे आहोत हे दाखवणारी ब्रेडक्रमची ओळ, विभागाची बाजूची यादी, पानांचे क्रमांक आणि फूटर, म्हणजे पानाच्या तळाची पट्टी. प्रत्येक घटकासाठी एक पान लिहिले : तो कुठे वापरायचा, कुठे वापरायचा नाही, त्याला कोणती माहिती द्यायची आणि त्याच्या अवस्था कोणत्या. अवस्थांची तक्ता-नोंद मला सर्वाधिक उपयोगी पडली. साधी लिंक, माउस वर असताना, कीबोर्डचा फोकस आल्यावर (म्हणजे टॅब कळीने तिच्यावर पोहोचल्यावर), चालू पान असताना आणि उपयादी उघडी असताना असे पाच चेहरे आधीच ठरवून ठेवले नाहीत, तर घटक वापरणारा प्रत्येक जण राहिलेला चेहरा आपापल्या परीने भरतो आणि विसंगती पुन्हा तिथूनच आत येते.

माहिती आणि रूप वेगळे ठेवणे हा या बांधणीचा गाभा होता. नावे, पत्ते, क्रम आणि उपनोंदी एका जेसन फाइलमध्ये, म्हणजे माहिती ठरावीक मांडणीत ठेवणाऱ्या साध्या मजकूर-फाइलमध्ये, ठेवल्या आणि घटकाच्या साच्यात त्यांतले एकही नाव लिहिले नाही. पोर्टलचा काही भाग साध्या एचटीएमएल (आधीच लिहून ठेवलेल्या) पानांचा, काही पीएचपीचा (सर्व्हरवर ऐन वेळी तयार होणाऱ्या पानांचा) आणि एक भाग बाहेरच्या पुरवठादाराने केलेल्या स्वतंत्र ॲप्लिकेशनचा होता. म्हणून त्या एका फाइलमधून तयार एचटीएमएल तुकडे बनवायचे आणि ते साध्या पानांत सर्व्हर-साइड इन्क्लूडने, पीएचपीत इन्क्लूडने, म्हणजे पान पाठवण्यापूर्वी सर्व्हरवरच तुकडा जोडणाऱ्या आज्ञेने, ओढून घ्यायचे, असे ठरवले. सगळे जावास्क्रिप्टने, म्हणजे ब्राउझरमध्येच चालणाऱ्या स्क्रिप्टने, उभे करण्याची सूचना आली होती, आणि ती सोपीही होती. पण स्क्रिप्ट उशिरा आली किंवा अडकली तर माणसापुढे मेन्यूच नसलेले पान येते, आणि पानातून बाहेर पडण्याचा मार्ग अशा अटीवर अवलंबून ठेवणे मला मान्य नव्हते. स्क्रिप्ट फक्त उपयादी उघडण्या-मिटण्यापुरती ठेवली. ती नसेल तर मुख्य नोंदीचे पान उघडते आणि तिथे त्याच उपनोंदी दिसतात.

इथे माझ्या हातून एक चूक झाली, ती सविस्तर सांगते. मुख्य पट्टी हा मेन्यूच आहे असे समजून मी तिला आरियामधली, म्हणजे पानातला घटक काय आहे हे सहायक साधनांना सांगणाऱ्या खुणांमधली, ‘मेन्यू’ ही भूमिका दिली. एनव्हीडीए या मोफत स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर, ऐकल्यावर कळले की ही भूमिका संगणकावरच्या प्रोग्रामांतल्या आज्ञांच्या मेन्यूसाठी आहे; ती लावली की ऐकणाऱ्याची अपेक्षा बाणाच्या कळांनी फिरण्याची होते, आणि माझी पट्टी तर टॅब कळीवर चालत होती. योग्य रचना त्याहून साधी निघाली : नॅव्ह या एचटीएमएल घटकात एक यादी, यादीत लिंका, आणि उपयादी असेल तिथे शेजारी एक बटण, ज्याचे ‘आरिया-एक्स्पांडेड’ हे मूल्य उघडताना आणि मिटताना बदलते. चालू पानाच्या लिंकला ‘आरिया-करंट’ लावले आणि पानाची ठळक रेघही त्याच गुणधर्मावरून रंगवली, म्हणजे दिसणारे आणि ऐकू येणारे कधी वेगळे होणार नाही. एका पानावर एकाहून अधिक नॅव्ह असतील तर प्रत्येकाला नाव द्यावे, पण त्या नावात ‘नॅव्हिगेशन’ हा शब्द घालू नये. स्क्रीन रीडर तो स्वतःच उच्चारतो.

माउस वर नेताच उघडणारी उपयादी आम्ही पूर्ण बंद केली. स्पर्शाच्या पडद्यावर तशी सोय नसते, आणि हात थरथरणाऱ्या माणसाला माउस तिरका नेता नेता यादी मिटण्याचा त्रास होतो. आता ती क्लिकवर उघडते आणि एस्केप कळीने मिटते. ब्रेडक्रममध्ये दोन नोंदींमधले चिन्ह मजकुरात न लिहिता सीएसएसने, म्हणजे पानाचे रूप ठरवणाऱ्या नियमांनी, काढलेल्या रेघेचे केले, अन्यथा प्रत्येक नोंदीनंतर ते चिन्ह वाचून दाखवले जाते.

देवनागरीसाठी स्वतंत्र दोन आठवडे धरावेत, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही घेतलेल्या मूळ साच्यात ओळीची उंची अक्षरांच्या १.२ पट होती आणि अक्षरांमध्ये थोडे अंतर होते. ‘अर्ज’वरचा रफार आणि ‘शुल्क’खालचा उकार पट्टीच्या कडेला कापले जात होते, आणि अक्षर-अंतरामुळे शिरोरेखा जागोजाग तुटत होती. अंतर शून्यावर आणले, ओळीची उंची १.६ केली आणि पट्टीला ठरावीक उंची देण्याऐवजी वर-खाली मोकळी जागा दिली. नोंदींना ठरावीक रुंदीही देऊ नये; मराठी आणि इंग्रजी नावांची लांबी क्वचितच जुळते. भाषा बदलण्याची लिंक त्या भाषेच्याच लिपीत लिहावी, तिला भाषेचा गुणधर्म लावावा, आणि ती मुखपृष्ठाकडे न नेता त्याच पानाच्या दुसऱ्या भाषेतल्या रूपाकडे न्यावी. शेवटच्या अटीसाठी दोन्ही भाषांतल्या पानांची जोडी लावणारा सातवा रकाना जानेवारीच्या यादीत वाढवावा लागला, आणि ते काम कंटाळवाणे असले तरी टाळता येण्यासारखे नव्हते.

जुलैमध्ये चाचण्या केल्या. माउस बाजूला ठेवून फक्त कीबोर्डवर सहाही नोंदी गाठणे, पान ४०० टक्के मोठे करून आडवे सरकवावे लागत नाही ना हे पाहणे, स्पर्शाची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल आहे का ते मोजणे ही कामे रोज थोडी थोडी चालू होती. आम्ही स्वतःसाठी ४४ पिक्सेलची मर्यादा घेतली. यातून एक दोष असा मिळाला जो नुसत्या डोळ्यांनी पाहून कधीच सापडला नसता : पट्टी वरच्या कडेला चिकटून राहत असल्यामुळे उलट टॅब करत वर जाताना फोकस आलेली लिंक पट्टीखाली झाकली जात होती. सीएसएसमध्ये स्क्रोल-पॅडिंग-टॉप हे मूल्य पट्टीच्या उंचीइतके दिल्यावर तो गेला. अंध असलेल्या एका सहकाऱ्यांनी दोन तास बसून सगळी पाने ऐकली. बाजूच्या यादीला आम्ही सगळीकडे ‘दुय्यम’ असे नाव दिले होते; त्याऐवजी विभागाचे नाव दिले तर आपण कोणत्या विभागात आहोत हे न शोधता कळेल, अशी सूचना त्यांनी केली आणि ती त्याच दिवशी अमलात आणली.

ऑगस्ट प्रतीक्षेचा महिना ठरला. सुरक्षा तपासणीला १९ दिवस लागले. पुरवठादाराच्या ॲप्लिकेशनमध्ये हेडर बदलण्यासाठी वेगळी बदल-विनंती द्यावी लागली, कारण मूळ करारात सामायिक हेडर बसवण्याची अट नव्हती. अंदाजपत्रक, मंजुरी आणि प्रत्यक्ष चार दिवसांचे काम मिळून सहा आठवडे गेले. नवा करार करत असाल तर ही अट एका वाक्यात आधीच लिहून ठेवा. आम्हीही ही विनंती जुलैच्या सुरुवातीला दिली होती म्हणून सप्टेंबरचे वेळापत्रक टिकले.

सप्टेंबरमध्ये चार टप्प्यांत पाने बदलली, दर सोमवारी एक टप्पा. ज्या १८० पानांचे पत्ते बदलले त्यांना कायमचा, म्हणजे ३०१ क्रमांकाचा, पुनर्निर्देश (जुना पत्ता उघडणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी सूचना) दिला आणि प्रत्येक जुना पत्ता हाताने उघडून पाहिला. पहिल्या सोमवारी सकाळी अनेकांना मोडकी पट्टी दिसली : त्यांच्या ब्राउझरने जुनी सीएसएस फाइल साठवून ठेवली होती आणि एचटीएमएल मात्र नवे आले होते. तीन तास दूरध्वनी वाजत राहिले आणि मला फार वाईट वाटले, कारण हे आधी सुचायला हवे होते. फाइलच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक घातल्यावर प्रश्न सुटला, आणि पुढचे तीन सोमवार शांततेत गेले.

काम संपल्यावर हिशेब केला. मागितलेल्या १२० पैकी ११२ मनुष्यदिवस लागले होते : यादी आणि शब्द मिळून ४६, बांधणी ३१, चाचण्या २०, आणि पाने बदलणे व पुनर्निर्देश १५. मंजुरीच्या प्रतीक्षेचे दिवस यात धरलेले नाहीत.

आता मुख्य पट्टीत बदल हवा असेल तर विभागाने एक पानाचा अर्ज द्यायचा असतो : कोणती नोंद, कोणासाठी, सध्या ती माहिती कुठे मिळते आणि ती तिथे का पुरेशी नाही. समिती दर तिमाहीला बसते. मागच्या आठवड्यात पहिला बदल झाला, तो समितीच्या बैठकीतूनच : ‘नियम व पात्रता’ऐवजी ‘पात्रता व नियम’, कारण शोधाच्या नोंदींत लोक आधी पात्रता विचारत होते. मी जेसन फाइलमधली एक ओळ बदलली, तुकडे नव्याने तयार केले आणि दोन्ही याद्यांतली सगळी पाने तपासायला बसले. अकरा मिनिटांत प्रत्येक पानावर नवे नाव होते, पुरवठादाराच्या ॲप्लिकेशनमध्येही. त्यानंतर ईमेल पाठवणाऱ्या त्या बाईंचा मार्ग पुन्हा चालून पाहिला : अर्जातून शुल्काकडे आणि शुल्कावरून ब्रेडक्रमच्या दुसऱ्या नोंदीने परत अर्जाकडे. अर्जात भरलेली माहिती जपून ठेवण्याचे काम मात्र अर्ज-विभागाकडे आहे आणि ते अजून व्हायचे आहे. त्याचे टिपण कालच सादर केले.